तोंडातली न दुखणारी गाठ : आधी नाव, मग चाकू

तोंडातून काढलेले तुकडे तपासणं हे माझं रोजचं काम. तुकडा बाटलीतून येतो, त्याच्या स्लाइड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून गाठ कसली आहे ते मी लिहून देते. तंबाखू, खर्रा, मावा यांनी होणारा नेहमीचा कॅन्सर आपल्याकडे इतका आहे की तो ओळखायला बहुतेक डॉक्टरांची नजर सरावली आहे. घोळ होतो तो बाकीच्या गाठींत. टाळूवरच्या लाळग्रंथींच्या गाठी, जबड्याच्या हाडात दाताच्या पेशींपासून वाढणाऱ्या गाठी, क्वचित मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर), लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) किंवा हाडाचा सार्कोमा (खुद्द हाडाच्या पेशींचा कॅन्सर). यांच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. गाठ लहान दिसते, "एवढीशी तर आहे, काढून टाकू" म्हणून कोणीतरी ती खुर्चीतच काढतं, आणि ती काय होती हे नंतर कळतं. कधी कळतच नाही, कारण काढलेला तुकडा कचऱ्यात गेलेला असतो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. रुग्णांसाठी आणि फाइल घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांसाठी लिहिला आहे. चौथी आणि पाचवी पायरी मात्र डेंटिस्ट मंडळींनीही वाचावी, ही विनंती.

## पायरी १ : घरी काय बघायचं, किती दिवस थांबायचं

चावल्याची जखम, फोड, पुळी सगळ्यांनाच होते आणि बहुतेक वेळा दोन आठवड्यांत जाते. म्हणून मुदत दोन आठवड्यांची. पहिल्या दिवशीच फोटो काढा. मोबाइलचा टॉर्च, मदतीला घरातलं एक माणूस आणि गाल बाजूला धरायला चमच्याची दांडी, एवढं पुरतं. गाठ केवढी आहे ते तारखेसह लिहून ठेवा : तांदळाएवढी, हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी. "थोडी वाढल्यासारखी वाटते" यावरून डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही. "गणपतीत हरभऱ्याएवढी होती, आता सुपारीएवढी झाली" यावरून बरंच ठरवता येतं.

गाठ कुठे आहे ते नीट बघा. खालच्या ओठाच्या आतून निळसर, मऊ, फुटून पुन्हा भरणारी पुळी बहुधा लाळ साठल्याची असते. तशीच पुळी वरच्या ओठात किंवा अक्कलदाढेच्या मागे असेल तर मात्र लाळग्रंथीच्या गाठीची शंका आधी घ्यायची. टाळूच्या बरोबर मधोमध, हाडाइतका टणक आणि वर्षानुवर्षं तसाच असलेला उंचवटा बहुतेक वेळा नैसर्गिक हाडच असतो, त्याला हात लावायचं कारण नाही. पण मधल्या रेषेच्या एका अंगाला, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो त्या भागात रबरासारखी, न दुखणारी गाठ लागली तर ती लाळग्रंथीची समजूनच पुढे जायचं. तोंडाच्या अस्तराखाली अशा ६०० ते १००० बारीक ग्रंथी असतात आणि टाळूच्या मागच्या भागात त्यांची दाटी असते. कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथीत पाच गाठींमागे साधारण एक कॅन्सरची निघते. या बारीक ग्रंथींत जवळपास निम्म्या निघतात. टाळूवरच्या गाठीला "साधी" म्हणून सोडता येत नाही ते यासाठी.

दोन आठवडेही थांबू नका, जर : इंजेक्शन न घेता खालचा ओठ, हनुवटी किंवा टाळूचा एक भाग बधिर झाला, हिरड्या चांगल्या असताना एकाच जागचे दात हलायला लागले, नीट बसणारी कवळी अचानक बसेना, टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर काळा डाग पसरतोय, गालाची एक बाजू सुजली आणि त्याच बाजूचं नाक चोंदतंय, मानेत गाठ लागतेय.

सावधान : "मी सुपारीसुद्धा खात नाही" हे खरं असलं तरी या गाठींना त्याचा फरक पडत नाही. यातल्या बहुतेकींचा तंबाखूशी ठोस संबंध नाही. आणि गाठीवर चुना, तुरटी, लवंगेचं तेल काहीही लावू नका. वरचं अस्तर भाजलं की तपासणाऱ्याला भाजलेलं अस्तरच दिसतं.

## पायरी २ : पहिली भेट

जाताना जुने एक्स-रे न्या, नुसते त्यांचे रिपोर्ट नकोत. चालू औषधांची यादी न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी इंजेक्शनं तिच्यात हवीतच. आणि एक गोष्ट हमखास सांगायची राहते : पूर्वी स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर तो दहा वर्षांपूर्वीचा का असेना, सांगा. त्या कॅन्सरची गाठ क्वचित जबड्यात उतरते आणि दाताच्या दुखण्यासारखी दिसते.

माझ्याकडे आलेल्या एका तुकड्याची हकीकत सांगते. पन्नाशीच्या शिक्षिका होत्या. टाळूवर, वरच्या दाढेजवळ सूज. ती दाढेच्या मुळातून आलेला पू समजून आधी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग दुसरा, मग दाढेचं रूट कॅनल. सूज तशीच. मग चीर दिली, पू निघालाच नाही. शेवटी "जेवढं निघालं तेवढं" खरवडून काढलं आणि माझ्याकडे पाठवलं. यात आठ महिने गेले. ती दाढ जिवंत आहे का हे बघायला बर्फाचा बारीक तुकडा दाढेला टेकवून "गार लागतं का, ताई?" एवढं विचारणं पुरेसं होतं. दाढ शाबूत असेल, किडलेली नसेल आणि तिला गार लागत असेल तर सूज त्या दाढेच्या मुळातल्या पुवाची बहुधा नसते.

इथे थांबून तपासा : निघताना केसपेपरवर या गोष्टी लिहिलेल्या आहेत का बघा. गाठेची जागा, सेंटिमीटरमध्ये माप, किती दिवसांपासून आहे, हलते की चिकटलेली, वरचं अस्तर शाबूत की जखम, जवळचे दात जिवंत आहेत का, मानेत गाठी आहेत का, कुठे बधिरपणा आहे का. शेवटच्या दोन गोष्टी बघायला बोटं आणि कापसाची वात पुरते. अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊनही सूज गेली नाही तर दुसरा घेऊ नका. ओरल सर्जन किंवा डोक्या-मानेच्या कॅन्सरचे सर्जन यांच्याकडे चिठ्ठी मागा.

## पायरी ३ : तुकड्याआधी फोटो

बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा घेणं, झाली की त्या जागी सूज येते, रक्त साठतं, आणि नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते ते कळत नाही. म्हणून जमेल तिथे आधी स्कॅन.

जबड्यातल्या सुजेला पहिला फोटो ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. हाड किती खाल्लं गेलंय हे बघायला सीटी. टाळू, जीभ, गाल अशा मऊ भागासाठी आणि नसेच्या वाटेनं गाठ पसरली आहे का हे बघायला कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन एमआरआय. दंतचिकित्सेतला कोन-बीम सीटी हाड छान दाखवतो, मऊ गाठ दाखवत नाही. टाळूच्या गाठेला तेवढ्यावर भागवू नका. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट लागतो. मधुमेहाच्या गोळ्या, पेसमेकर आणि शरीरात कुठे धातू असेल तर ते आधी सांगा. निघताना सीडी मागून घ्या. पुढचे डॉक्टर छापील फिल्मपेक्षा सीडीच मागतात.

जबड्याच्या हाडात पोकळी दिसली तर कापण्याआधी जाड सुईनं आतलं ओढून बघायचं असतं. पिवळसर पाणी आलं तर सिस्टची (पाण्यानं भरलेल्या पिशवीची) शक्यता, घट्ट दह्यासारखं आलं तर केराटोसिस्टची, म्हणजे परत येण्याची सवय असलेल्या सिस्टची. लाल रक्त जोरानं सिरिंजमध्ये चढायला लागलं तर तिथेच थांबायचं. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आणि अशा जागचा हलणारा दात उपटला तर रक्तस्राव जिवावर बेततो.

सावधान : गाठ दिसतेय त्या जागचा हलणारा दात "निदान दात तरी काढून घेऊ" म्हणून उपटू नका. दाताच्या खड्ड्यातून गाठ वर येते आणि पुढचं ऑपरेशन वाढतं.

## पायरी ४ : बायोप्सी

सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर होतं, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

नियम असा : संशयास्पद गाठेचा आधी तुकडा घ्यायचा, गाठ पूर्ण काढायची नाही. पूर्ण काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर दुसऱ्यांदा ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला गाठेची हद्द सापडत नाही. एक सेंटिमीटर सोडून कापायचं ते कशापासून? मग अंदाजानं जास्त कापावं लागतं, किंवा अंदाजानं कमी कापलं जातं. ओठातली किंवा गालातली वाटाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी गाठ भोवतालच्या थोड्या चांगल्या भागासह एकदम काढली तर चालतं. टाळूवर हा अपवाद लागू नाही.

तुकडा कुठून आणि कसा घ्यायचा :

१. अस्तर शाबूत असलेल्या गाठेत गाठेच्या मध्यातून, पुढे ऑपरेशनमध्ये ही चीर गाठेसोबतच निघून जाईल अशा जागेतून.

२. जखम असेल तर तिच्या कडेवरून, थोडा जिवंत भाग धरून. मधला पांढरा थर मेलेला असतो, त्यातून मला काहीच वाचता येत नाही.

३. खोल. लाळग्रंथीची गाठ अस्तराखाली असते. वरवरचा पापुद्रा पाठवला की रिपोर्ट "सामान्य अस्तर" असा येतो आणि रुग्ण सुटकेचा श्वास सोडून घरी जातो. जिभेवरच्या ग्रॅन्युलर सेल गाठेत याच्या उलट होतं : ती गाठ साधी असते, पण तिच्यावरचं अस्तर इतकं वेडंवाकडं वाढतं की उथळ तुकड्यात ते कॅन्सरसारखं दिसतं. माणसाची जीभ विनाकारण कापली जाऊ शकते. निदान ५ मिलिमीटर रुंद आणि गाठेच्या आत पोचलेला तुकडा हवा.

४. भुलीचं इंजेक्शन गाठेभोवती द्यावं, गाठेत नाही.

५. तुकडा दातेरी चिमट्यात चिरडू नये. टाका घालून दोऱ्यानं उचलावा. चिरडलेल्या पेशी स्लाइडवर निळ्या रेघोट्यांसारख्या दिसतात, आणि लिम्फोमामध्ये तर त्या सगळ्यात आधी चिरडतात.

६. तुकडा कापायला कॉटरी (चटका देऊन कापणारं यंत्र) किंवा लेझर नको, साधं ब्लेड हवं. रक्त थांबवायला नंतर काय वापरायचं ते वापरा.

सुईची तपासणी मानेतल्या गाठींसाठी आणि मोठ्या सुजेसाठी चांगली. टाळूवरच्या लहान गाठेला मात्र सरळ तुकडाच घेतलेला बरा, कारण सुईत पेशी सुट्या येतात आणि त्यांची रचना दिसत नाही. लाळग्रंथीच्या गाठींत नाव ठरतं ते रचनेवरून.

"सुई लावली की पसरतो", "हवा लागली की वाढतो" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. नीट घेतलेल्या बायोप्सीनं गाठ पसरत नाही. पसरते ती बायोप्सी टाळण्यात गेलेल्या महिन्यांत.

## पायरी ५ : बाटली आणि फॉर्म

मागच्या पावसाळ्यात एक तुकडा इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या कुपीतून आला. अरुंद तोंडाची, रबरी बुचाची कुपी. तुकडा मऊ असताना दाबून आत घातलेला, आत फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) तो टणक झाला आणि बाहेर येईना. काच फोडून काढावा लागला. तो निघाला तरी. दुसरा एक कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत एसटीनं आला होता. तो सुकून चामड्यासारखा झाला होता, त्याच्यातून काही सांगता आलं नाही. त्या माणसाला पुन्हा भूल, पुन्हा चीर, पुन्हा आठवडाभर वाट.

बाटली रुंद तोंडाची, प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची हवी. आत १० टक्के बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या निदान दहापट. दुकानात मिळणारं दाट फॉर्मलिन तसंच ओतायचं नाही. एक भाग फॉर्मलिनला नऊ भाग पाणी आणि बफरचे क्षार असं ते तयार होतं. सलाईन चालत नाही, त्यात तुकडा सडतो. स्पिरिटही चालत नाही. फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. नाव झाकणावर न लिहिता बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणं अदलाबदल होतात.

फॉर्मवर नुसतं "टाळूची गाठ" लिहिलं तर माझे डोळे अर्धे झाकल्यासारखे होतात. वय, नेमकी जागा, किती महिने, हाड खाल्लंय का, बधिरपणा आहे का, आधी काही कापलं होतं का, पूर्वीचा कॅन्सर, आणि डॉक्टरांना कसली शंका आहे. जबड्याच्या हाडातला तुकडा असेल तर ओपीजीची प्रत सोबत हवीच. हाडातल्या काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात आणि एक्स-रे बघितल्याशिवाय नाव देता येत नाही.

इथे थांबून तपासा : नातेवाइकांनी बाटली हातात घेऊन तीन गोष्टी बघाव्यात. नाव बरोबर आहे का, तुकडा फॉर्मलिनमध्ये पूर्ण बुडालाय का, झाकण गळत नाही ना. आणि साधी दिसणारी गाठ काढली तरी "ती तपासायला पाठवताय ना?" असं विचारा. तोंडातून काढलेली प्रत्येक गाठ तपासायला जायलाच हवी.

## पायरी ६ : रिपोर्ट

साधारण आठवडा लागतो, हाड असेल तर ते मऊ करून कापावं लागतं म्हणून आणखी काही दिवस. "मॅडम, कॅन्सर आहे की नाही तेवढंच सांगा," असं खिडकीपाशी उभं राहून विचारणाऱ्यांची कासाविशी मला कळते. पण एवढ्या उत्तरावर उपचार ठरत नाहीत. रिपोर्टमध्ये नाव हवं, कॅन्सर असेल तर त्याची श्रेणी, म्हणजे तो किती आक्रमक दिसतो ते, हवी आणि नसेभोवती पेशी दिसल्या का हे लिहिलेलं हवं.

लहान तुकड्यावरून "लाळग्रंथीची गाठ, नेमका प्रकार पूर्ण गाठ पाहिल्यावर" असा रिपोर्ट आला तर पॅथॉलॉजिस्टला येत नाही असं समजू नका. साधा प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, पॉलिमॉर्फस अॅडिनोकार्सिनोमा आणि अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या तिन्हींचे काही भाग एकमेकांसारखे दिसतात. खरा फरक गाठेच्या कडेला असतो, ती शेजारच्या भागात घुसतेय का यात, आणि कड लहान तुकड्यात आलेलीच नसते. अशा वेळी आयएचसीची, म्हणजे पेशींमधली प्रथिनं रंगवून प्रकार ओळखण्याची, तपासणी करतात. तिचा खर्च वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या.

खालच्या तीन प्रसंगी दुसऱ्या ठिकाणी स्लाइड दाखवल्याशिवाय मोठं ऑपरेशन करू नका.

टाळूवर अचानक खड्डा पडला आणि रिपोर्ट कॅन्सरचा. लाळग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून होणारी एक जखम दिसायला आणि स्लाइडवरही कॅन्सरसारखी असते. आधी सूज, मग मधला भाग गळून खड्डा. ती सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरते. हिच्यासाठी टाळू कापल्याची उदाहरणं वैद्यकीय लेखनात नोंदलेली आहेत.

"लहान गोल पेशींची गाठ" असा रिपोर्ट. ती लिम्फोमा असेल तर मुख्य उपचार औषधांचा असतो, जबडा कापण्याचा नाही. इथे आयएचसीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

जबड्यात "जायंट सेल" गाठ. आधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासा. मूळ दुखणं मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत असेल तर तिच्यावर उपचार झाल्यावर जबड्यातली गाठ बहुधा आपोआप भरत जाते.

दुसऱ्या मतासाठी नुसता कागद नेऊन उपयोग नाही. मूळ लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात तुकडा बसवून ठेवलेला असतो) दोन्ही घ्या, किती ब्लॉक मिळाले ते पावतीवर लिहून घ्या आणि रिपोर्टवरचा नमुना क्रमांक जपून ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत देतात. सरकारी दंत महाविद्यालयांतही, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळी, तोंडाच्या गाठी रोज बघणारी माणसं आहेत. काम झाल्यावर ब्लॉक परत घ्या. पुढे जनुकांची तपासणी लागली तर तोच लागतो.

## पायरी ७ : नावाप्रमाणे उपचार

प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा कॅन्सर नाही. पण तो शेंगेतून दाणा काढावा तसा सोलून काढायचा नसतो. टाळूवर त्याचं कवच अपुरं असतं, सोलताना पेशी मागे राहतात आणि वर्षांनी पुन्हा उगवतात. वरच्या अस्तरासह, भोवतालचा थोडा चांगला भाग घेऊन काढायचा.

म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा तोंडातल्या लाळग्रंथींचा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर. खालच्या श्रेणीचा असेल तर पुरेसं रुंद ऑपरेशन बहुधा पुरतं. वरच्या श्रेणीचा असेल तर मानेतल्या गाठी काढणं आणि नंतर रेडिएशन. हा निळसर आणि मऊ दिसू शकतो, म्हणूनच त्या "पुळी"बद्दल पहिल्या पायरीत इतकं सांगितलं.

अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हळू वाढतो आणि नसेच्या वाटेनं कवटीच्या तळापर्यंत पोचू शकतो. ऑपरेशन आणि त्यामागून रेडिएशन, ही नेहमीची वाट. ऑपरेशनआधी छातीचा सीटी हवा, कारण तो फुप्फुसात जातो, तेही कधी दहा-पंधरा वर्षांनी.

अमेलोब्लास्टोमा जबड्याच्या हाडात, बहुतेक वेळा खालच्या दाढांमागे. एक्स-रेमध्ये साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात. कॅन्सर नाही, पण नुसता खरवडला तर निम्म्याहून जास्त लोकांत परत येतो. एक ते दोन सेंटिमीटर चांगलं हाड धरून काढतात आणि गरजेप्रमाणे पायाच्या फिब्युला हाडानं जबडा पुन्हा उभारतात. एकच पोकळी असलेला प्रकार वेगळा. त्याला कमी ऑपरेशन पुरू शकतं, पण ते ठरतं पूर्ण भिंत तपासल्यावरच. केराटोसिस्ट असेल तर जबडा सहसा कापावा लागत नाही, पण आतलं अस्तर काळजीपूर्वक काढून पोकळीच्या भिंतीवर पुढची प्रक्रिया करावी लागते.

मेलानोमा आणि हाडाचा सार्कोमा यांचे उपचार मोठ्या केंद्रातच व्हावेत. सार्कोमात अनेकदा ऑपरेशनआधी केमोथेरपी असते.

## पायरी ८ : ऑपरेशनआधीची तयारी

सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात, त्याला ट्यूमर बोर्ड किंवा जॉइंट क्लिनिक म्हणतात. "आमची केस बोर्डात ठेवली का?" असं विचारण्यात कुठलाही उद्धटपणा नाही.

पैशाचं पाहताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय निवडलं असेल तर भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा. मंजुरी आधी लागते, ऑपरेशन झाल्यावर मागितलेली मदत अडकते. परळला जाणार असाल तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे आधी चौकशी करा.

टाळूचा भाग काढायचा असेल तर ऑपरेशनच्या आधी कवळी बनवणाऱ्या तज्ज्ञाची, प्रोस्थोडॉन्टिस्टची भेट हवी. हे फार वेळा राहून जातं. टाळूला भोक राहिलं की पाणी नाकातून येतं आणि बोललेलं कोणाला कळत नाही. आधी दातांचं माप घेतलेलं असेल तर टाळू झाकणारी पट्टी, म्हणजे ऑब्च्युरेटर, ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते आणि माणूस लवकर तोंडानं जेवू शकतो. काही दिवसांनी ती बदलतात आणि जखम पूर्ण आवळली की काही महिन्यांनी कायमची करतात.

रेडिएशन होणार असेल तर किडलेले, हलणारे दात आधी काढा आणि जखम भरायला दोन ते तीन आठवडे सोडा. शक्य असेल तर ऑपरेशनच्या भुलीतच ते काढून घेता येतात. रेडिएशननंतर दात उपटला तर त्या जागचं हाड मरू शकतं.

इथे थांबून तपासा : स्कॅनची सीडी, दुसऱ्या ठिकाणच्या मतासह रिपोर्ट, छातीची तपासणी, दातांची तपासणी, टाळूचं माप, योजनेची मंजुरी. यातलं काही बाकी असेल तर तारीख घेण्याआधी विचारा.

## पायरी ९ : ऑपरेशननंतर

मोठ्या गाठेचा रिपोर्ट पुन्हा येतो. त्यात कडा बघा : गाठ कापलेल्या कडेपासून किती मिलिमीटर लांब आहे, नसेत शिरली आहे का, श्रेणी तीच राहिली का बदलली. रेडिएशन ठरलं तर ते ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. आठवड्याचे पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे, एकूण ६० ते ६६ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप). मध्ये सुट्ट्या घेऊ नका. गावाकडची पेरणी, घरातलं लग्न, ही कारणं मी समजू शकते, पण पडलेल्या खंडाचा फायदा गाठेलाच होतो.

तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे रोज आरशात बघा. दोनच जायला लागली की लगेच दाखवा. आखडलेला जबडा नंतर मोकळा करणं फार कठीण जातं. तोंड कोरडं पडतं, म्हणून पाण्याची बाटली सोबत ठेवा, रात्री फ्लोराइड लावा, आणि तिखटाऐवजी मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची आंबील असं खा.

तपासणीच्या तारखा : पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. पाच वर्षं झाली म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. अॅडिनॉइड सिस्टिक असेल तर तपासणी जन्मभर, मधूनमधून छातीच्या फोटोसह. अमेलोब्लास्टोमा असेल तर निदान दहा वर्षं ओपीजी. प्रत्येक वेळी आधीचा एक्स-रे सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरून बघायला सांगा. मूळ रिपोर्टची प्रत, नमुना क्रमांक आणि ब्लॉक कोणाकडे आहे याची चिठ्ठी फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवा. आणि ती फाइल घरात कुठे आहे हे दुसऱ्या एका माणसाला माहीत असू द्या.